आंब्याच्या फोटोबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, बाकीचं जरा ऐका

नमस्कार सर, आमच्या होमस्टेच्या रिव्ह्यूतले तुमचे दोन स्टार बघितले, आईलाही वाचून दाखवले, ती म्हणाली पोह्यांचा तरी एक जास्त द्यायचा होता. असो.

आधी फोटोचं. अंगणात आंबा दिसतो आणि प्रत्यक्षात खिडकी उघडली की निळे पत्रे, धूळ न् आठ वाजल्यापासून ब्रेकर, असं तुम्ही लिहिलंय. खरं आहे, चूक माझी. ते झाड मुळात आमचं नाहीच, शेजारच्या बंगल्याचं, अर्ध्या फांद्या आमच्या बाजूला यायच्या म्हणून आम्ही आपलंच समजायचो, त्याच्या कैऱ्यांचं लोणचं आमच्या घरी व्हायचं. दिवाळीनंतर तो बंगला पाडला, झाडही गेलं, आता नव्या बिल्डिंगच्या पायाचं पायलिंग चालूये. फोटो तेव्हाच बदलायला हवा होता, पण मला तो काढवला नाही. तुम्ही पैसे भरून आलात तेव्हा ही काही तुम्हाला सांगायची सबब नाही. काल नवीन फोटो टाकलेत, पत्र्यांसकट, आणि दिवसा आवाज असतो हे वरच लिहिलंय.

पण विमानांच्या आवाजाची मात्र मी माफी मागणार नाही हं. तुम्ही मुंबई एअरपोर्टच्या टर्मिनल १ जवळ पाहिजे म्हणूनच पार्ले पूर्व बुक केलंत, मग विमानं दुसरीकडून कशी जातील? उलट त्यांच्यामुळेच इथे इतकी वर्षं बैठी घरं आणि तीन-चार मजली बिल्डिंगा टिकल्या, कारण एअरपोर्टजवळ एनओसीशिवाय उंची मिळत नाही. आमचं घरही तळमजला अधिक एक, त्यात लिफ्ट कुठून आणू? तुमची मोठी बॅग भावाने वर नेऊन दिली होती, ते रिव्ह्यूत राहून गेलं बहुतेक.

आणि "बिस्किटांचा वास येतो म्हणाले, काही आला नाही" हे वाचून मी हसले, सॉरी. अहो आई सकाळी चहाबरोबर जुन्या गोष्टी सांगत होती, स्टेशनवर उतरलं की पारले-जीचा गोड वास यायचा वगैरे. तो कारखाना २०१६ लाच बंद झाला. तिच्या बोलण्यात भूतकाळ-वर्तमानकाळ सरमिसळ असतो, आम्हालाही कधीकधी कळत नाही.

गेट अकराला बंद होतं हे बुकिंगच्या मेसेजमध्ये होतं, तरी पावणेबाराला उघडलं की नाही? तुम्ही दीनानाथला नाटक बघून येणार हे आधी सांगितलं असतंत तर चावीच दिली असती, बऱ्याच पाहुण्यांना देतो. रिक्षावाल्यांनी जवळचं भाडं नाकारलं त्याला मी काय करू, आम्हालाही नाकारतात.

बाथरूमचा नळ गळत होता हे बरोबर, प्लंबर येऊन गेला. हॉलमधल्या जुन्या मोझॅक फरश्या मात्र आहेत तशाच राहतील, त्या आजोबांनी बसवल्यात न् एकही हललेली नाही.

आवाजामुळे तुमची सकाळची झोप मोडली, त्या एका रात्रीचे पैसे परत करतोय, ज्या नंबरवरून तुम्ही भरले त्याच नंबरवर आज पाठवलेत. संध्याकाळपर्यंत आले नाहीत तर मेसेज टाका.