२९९ रुपयांचे रिचार्ज आणि म्हापशाचे पार्सल

माझी मावशी कुडाळला राहते. गेली काही वर्षे ती घरच्या घरी मालवणी मसाला, आगळ आणि फणसपोळी करून विकते. तिची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आसपासही फिरकत नाही, त्यामुळे तिला जीएसटी नोंदणी घ्यावी लागलेली नाही. नागपूरहून ऑनलाइन बाजारपेठेमार्फत ऑर्डर आली तर ती पार्सल बांधते आणि पाठवून देते. म्हापशाहून आली तर मात्र तिला नाही म्हणावे लागते, कारण म्हापसा गोव्यात आहे आणि करपात्र माल राज्याबाहेर पाठवणाऱ्या तिच्यासारख्या विक्रेत्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची आहे. म्हापशाचे तेच गिऱ्हाईक गाडी काढून कुडाळला आले आणि तिच्या ओट्यावरून तोच अर्धा किलो मसाला घेऊन गेले, तर कायद्याची काहीच हरकत नसते. नोंदणी घ्यायची म्हटली की विवरणपत्रे आली, हिशेबनीसाची फी आली आणि एखादे विवरणपत्र भरायचे राहिले तर विलंब शुल्कही आले. फणसाच्या हंगामात पहाटे उठणाऱ्या बाईने हे सगळे कधी करायचे?

१ ऑक्टोबर २०२३ पूर्वी तर नागपूरची ऑर्डरसुद्धा तिला घेता येत नव्हती. बाजारात दुकान थाटून बसलेल्या छोट्या विक्रेत्याला उलाढालीची सूट मिळत होती. तोच विक्रेता ऑनलाइन बाजारात गेला की सूट संपत होती. त्या तारखेपासून राज्यांतर्गत विक्रीपुरती ही अट शिथिल झाली, त्याबद्दल सरकारचे आभारच मानले पाहिजेत. पण ही अट मुळात का घातली गेली, याचा विचार करताना मला अमेरिकेतला एक कायदा सारखा आठवतो.

‘इंटरनेट टॅक्स फ्रीडम अॅक्ट’ या कायद्यावर २१ ऑक्टोबर १९९८ रोजी बिल क्लिंटन यांनी सही केली. तो मांडण्यात रिपब्लिकन पक्षाचे प्रतिनिधी ख्रिस्तोफर कॉक्स आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर रॉन वायडन हे दोघे पुढे होते. (वायडन यांच्या ओरेगॉन राज्यात विक्रीकर मुळातच नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.) राज्यांनी आणि स्थानिक संस्थांनी इंटरनेट जोडणीवर कर लावायचा नाही, एकाच ऑनलाइन व्यवहारावर दोन ठिकाणी कर घ्यायचा नाही आणि दुकानातल्या विक्रीवर नसलेला किंवा त्याहून जड कर तशाच ऑनलाइन विक्रीवर बसवायचा नाही, असे तो कायदा सांगतो. सुरुवातीला ही बंदी तीनच वर्षांची होती. पुढे तिला मुदतवाढ मिळत गेली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये बराक ओबामा यांच्या सहीने ती कायमची झाली. ज्या राज्यांत आधीपासून असा कर होता, त्यांना मिळालेली सवलतही ३० जून २०२० रोजी संपली.

या कायद्याने अमेरिकेतली ऑनलाइन खरेदी करमुक्त केली, असा समज आपल्याकडे अनेकदा आढळतो. तो चुकीचा आहे. ऑनलाइन विक्रेते बरीच वर्षे परराज्यातल्या गिऱ्हाइकाकडून विक्रीकर घेत नव्हते, त्याचे मूळ १९९२ च्या क्विल खटल्यात होते. ज्या राज्यात विक्रेत्याचे प्रत्यक्ष अस्तित्व नाही, त्या राज्यासाठी कर गोळा करण्याची सक्ती त्याच्यावर करता येणार नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा म्हटले होते. गावातल्या दुकानदाराने कर भरायचा आणि दूरच्या बड्या विक्रेत्याने तो गोळाच करायचा नाही, हा उघड अन्याय होता. २१ जून २०१८ रोजी साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी तो दूर झाला. मला त्या निकालातली जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे साउथ डकोटाच्या कायद्यातला उंबरठा. राज्यात वर्षाला १ लाख डॉलरपेक्षा अधिक विक्री किंवा २०० व्यवहार झाल्याशिवाय बाहेरच्या विक्रेत्यावर जबाबदारी येत नव्हती, आणि लहान विक्रेत्याचे हे संरक्षण न्यायालयाने आवर्जून विचारात घेतले. पुढे साउथ डकोटाने व्यवहारसंख्येची अटही काढून टाकली. तिथला लहान विक्रेता राज्याची सीमा ओलांडूनही लहानच राहतो. माझी मावशी बांद्याच्या पुढे गोव्याच्या सीमेवर असलेला पत्रादेवीचा नाका ओलांडताच कायद्याच्या नजरेत मोठी होते.

आता इंटरनेट जोडणीवरच्या कराविषयी. २९९ रुपयांच्या मोबाइल रिचार्जमध्ये १८ टक्के दराने सुमारे ४५ रुपये ६१ पैसे जीएसटीचे असतात. छापील पुस्तकावर आणि वर्तमानपत्रावर जीएसटी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाळेच्या वह्या, पेन्सिली आणि खोडरबर यांच्यावरचा करही शून्य झाला, आणि तो योग्यच निर्णय होता. मात्र ज्या रिचार्जवर आज मुलांचा अभ्यास, शिष्यवृत्तीचे अर्ज, सातबारा आणि बाजारभाव चालतात, त्याचा दर जसाच्या तसा राहिला. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरमधील इंटरनेटबंदीविषयीच्या अनुराधा भसीन प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटच्या माध्यमातून होणारी अभिव्यक्ती आणि व्यवसाय यांना राज्यघटनेचे संरक्षण असल्याचे स्पष्ट केले. ज्या वाटेने हे अधिकार बजावायचे, त्या वाटेवर पाचव्या हिश्शाच्या आसपास कर ठेवणे मला पटत नाही.

राज्यांच्या तिजोरीचा प्रश्न खरा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. जीएसटी आल्यावर राज्यांच्या हातात स्वतःचे कर फार थोडे उरले. म्हणूनच सरसकट माफीऐवजी मधला मार्ग सुचवावासा वाटतो, आणि तो टेक्सासने पूर्वी वापरलेला आहे. तिथे इंटरनेट जोडणीवर कर होता तेव्हाही महिन्याच्या बिलातले पहिले २५ डॉलर करातून वगळलेले होते. आपल्याकडे महिन्याचे पहिले ३०० रुपये वगळले, तर ज्याच्या घरी एकच फोन आहे त्याच्यावरचा भार जवळपास नाहीसा होईल आणि हजारोंची बिले भरणाऱ्या कंपन्यांकडून मिळणारा महसूल फारसा कमी होणार नाही.

यासाठी केंद्र आणि राज्ये मिळून बनलेल्या जीएसटी परिषदेत तीन चतुर्थांश मते लागतात आणि त्यात दोन तृतीयांश वजन राज्यांचे असते, म्हणजे ‘दिल्लीने ठरवले’ असे म्हणून आपल्या राज्यांना हात वर करता येणार नाहीत. महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या प्रतिनिधींनी मिळून परिषदेच्या पुढच्या बैठकीत दोन मागण्या मांडाव्यात: रिचार्जचे पहिले ३०० रुपये करमुक्त असावेत, आणि ऑनलाइन विकणाऱ्या छोट्या विक्रेत्याला उलाढालीची सूट राज्याच्या सीमेपलीकडेही मिळावी. आमच्या आमदारांना मी हेच पत्राने कळवणार आहे. ज्यांना पटेल त्यांनीही कळवावे. मावशीकडे आजही म्हापशाची चौकशी आली की ती आधी विचारते, “बांद्यापर्यंत कुणी येणार आहे का तुमचं?”