चित्राचा विषय कोणी ठरवायचा?

२०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि त्यावर आधारलेला २०२३चा शालेय अभ्यासक्रम आराखडा यांनी कलाशिक्षणाला मानाचे स्थान दिल्यापासून महाराष्ट्रातल्या कलाशिक्षकांमध्ये एक जुना वाद नव्याने रंगला आहे. चित्राचा विषय मुलांना निवडू द्यावा, की आधी त्यांचा हात तयार करून घ्यावा? मोकळिकीच्या बाजूचे लोक अमेरिकेचा दाखला देतात. मी त्याच देशात, मॅसॅच्युसेट्समधील एका शाळेत चित्रकला शिकवते, आणि हा दाखला अर्धवट दिला जातो असे मला वाटते.

‘टीचिंग फॉर आर्टिस्टिक बिहेवियर’ ही पद्धत याच राज्यातल्या कलाशिक्षकांनी रुजवली. मूल हेच कलावंत आणि वर्ग हा त्याचा स्टुडिओ, हा तिचा पाया आहे. तासाच्या सुरुवातीला शिक्षक काही मिनिटे एखादे तंत्र दाखवतात. मग मुले रंगकाम, मातीकाम, कोलाज, छपाई यांपैकी काय करायचे ते स्वतः ठरवतात आणि शेवटी साहित्य धुऊन जागच्या जागी ठेवतात. बाहेरून पाहणाऱ्याला शिक्षक मोकळा दिसतो, पण त्याचे काम उलट वाढलेले असते. एकीच्या भांड्याचा कान गळून पडतो, कारण जोडाची जागा खरवडून तिथे पातळ माती लावलेली नसते. तंत्र शिकवण्याची हीच वेळ असते, कारण आता ते तिला हवे असते. दुसरा मुलगा कित्येक आठवडे तोच कार्टूनचा चेहरा काढत राहतो. त्याला कुठवर काढू द्यावे आणि ‘हाच चेहरा बाजूने कसा दिसेल?’ असे केव्हा विचारावे, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते.

उणिवाही आहेत. अवघड ते टाळण्याची सोय या पद्धतीत आहे, आणि समोरची वस्तू नीट न्याहाळून रेखाटण्याचा धीर माझ्या अनेक विद्यार्थ्यांकडे नाही. महाराष्ट्रात चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना वस्तुचित्र, नक्षीकाम आणि अक्षरलेखनातून तो मिळतो. ही कमाई टाकून देण्याजोगी मुळीच नाही.

मात्र यांतल्या इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीचे वाढीव गुण मिळू लागले आणि स्मरणचित्राचे काय झाले ते पाहावे. जे स्वतः पाहिले ते आठवून काढायचे, त्याऐवजी ठरावीक मानवाकृती आणि ठरावीक मांडणी घोटून घेतली जाते. हे मला फार सलते, कारण मुलाला केंद्रस्थानी ठेवणारे कलाशिक्षण आपल्याला परके नाही. शांतिनिकेतनात शिकलेले कलाशिक्षक देवीप्रसाद यांनी १९४०च्या दशकापासून सेवाग्रामला गांधीजींच्या ‘नयी तालीम’ शिक्षणपद्धतीच्या शाळेतल्या मुलांबरोबर नेमके हेच काम केले होते.

म्हणून परीक्षा रद्द करावी असे मी म्हणणार नाही. स्मरणचित्राच्या प्रश्नपत्रिकेऐवजी मुलाने वर्षभर भरलेली चित्रवही तपासावी. तिच्यात विषय त्याचे असावेत, फसलेले प्रयत्नही असावेत. ज्या वर्गात साठ मुले आणि आठवड्याला जेमतेम एक-दोन तास आहेत, तिथे माती-छपाईचे कोपरे मांडणे अवघड आहे, हे मान्य. तिथे वस्तू सर्वांना एकच द्यावी, पण ती कुठून पाहायची आणि पेन्सिल, खडू की जलरंग वापरायचा, एवढे तरी मुलांवर सोडावे. त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.