चार अंश खाली

सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या माणसाला पाण्याजवळ जाण्याची हौस नसते, कारण पाणी स्वतःच त्याच्याकडे येते. आमच्याकडे ते 2005 साली आले, 2019 साली आले आणि 2021 साली पुन्हा उंबऱ्याशी येऊन चौकशी करून गेले. अशा घरात एका रात्री आमटी वाढता वाढता माझ्या बायकोने, "या वर्षी सगळे मिळून थायलंडला, पट्टायाच्या समुद्रावर जाऊ या," असे सहज म्हटले, तेव्हा अप्पांच्या हातातला घास ताटात परत गेला.

"पैसे देऊन पाण्यापाशी जायचं?" एवढेच ते बोलले.

अप्पा भूगोलाचे निवृत्त शिक्षक आहेत आणि निवृत्ती ही त्यांनी केवळ पगारापुरती मानलेली आहे. जेवण झाल्यावर त्यांनी नातवाचा नकाशासंग्रह मागवला, चष्मा पुसला आणि निकाल दिला, "सांगली साधारण सतरा अंश उत्तर, पट्टाया तेरा अंश. म्हणजे उष्ण कटिबंधात आपण आत्ताही बसलेलोच आहोत. चार अंश खाली सरकायला सहा माणसांचं विमानभाडं?" मग दर अंशाला खर्च किती येतो, याचा हिशोब त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे मांडला. तो कोणी पुसू नये म्हणून ते कॅलेंडर पुढचे दोन महिने स्वयंपाकघरात उलटे टांगलेले होते आणि त्या काळात आमच्या घरी दूधवाल्याचे खाडे कोणालाही सांगता आले नाहीत.

घरातला विरोध एकवेळ परवडला, पण गावाला तोंड देणे कठीण. पट्टाया हे मुळात मासेमारीचे गाव. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैनिक तेथे विश्रांतीला येऊ लागले आणि त्या विश्रांतीची कीर्ती अद्याप ओसरलेली नाही. दाढी करता करता मी ही बातमी बोलून गेलो, तर केशकर्तनालयातील वस्तरा गालावरच थांबला. "सहकुटुंब?" आरशातून प्रश्न आला. आई-वडीलही बरोबर आहेत, असे मी सांगितल्यावर त्या डोळ्यांत आदर उमटला की दया, हे फेसामुळे नीट कळले नाही. पुढे मी नुसते "बँकॉकच्या बाजूला" असे सांगून पाहिले. त्याने प्रकरण आणखी चिघळले. अखेर "थायलंडची देवळे पाहायला" असे सांगावयाचे ठरले. हे ऐकून शेजारच्या काकूंनी आईच्या हातावर तिथल्या देवापुढे ठेवण्यासाठी अकरा रुपये ठेवले. आता निदान त्या अकरा रुपयांसाठी तरी जाणे भाग होते.

एवढ्यात तासगावचा चुलतभाऊ आणि वहिनी येतो म्हणाले, त्यामुळे माणसे आठ झाली आणि तारखांचा प्रश्न उभा राहिला. पट्टायाला सर्वाधिक पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कोरडा व त्यातल्या त्यात थंड असतो, एवढी माहिती बायकोने काढली होती. परंतु तासगावात वर्षाला बारा महिने नसतात, द्राक्षबागेच्या अवस्था असतात. ऑक्टोबरात फळछाटणी, मग विरळणी आणि डिपिंग, जानेवारीपासून माल उतरवण्याची घाई, मार्चमध्ये बेदाण्याच्या शेडवर मुक्काम, एप्रिलमध्ये खरड छाटणी. याशिवाय त्याचा दोन एकर ऊस उभा होता आणि साखर कारखान्याची तोडणी टोळी कोणत्या दिवशी फडात उतरेल, हे प्रत्यक्ष ब्रह्मदेवालाही कळत नाही. बऱ्याच काथ्याकुटानंतर त्याने डिसेंबरअखेरचे पाच दिवस मंजूर केले, तेही अट घालून. "आभाळ आलं तर मी माघारी येणार बघ. डावणीची बुरशी पडली म्हंजे बाग गेली." समुद्रापलीकडून तू माघारी कसा येणार, असे मी विचारल्यावर तो म्हणाला, "ते तू बघ की, तिकिटं तूच काढणार न्हवं का?"

याच भावामुळे एक संपूर्ण संध्याकाळ वाया गेली. बायकोने कार्यक्रम लिहून सर्वांच्या मोबाइलवर धाडला होता; त्यात पट्टायापासून बोटीने कोह लार्न बेटावर जावयाचे असून बोट 'बाली हाय' या धक्क्यावरून सुटते, असे वाक्य होते. रात्री नऊ वाजता फोन आला. "दादा, बाली हाय म्हणत्यात. मग पट्टाया कुठं हाय?" बाली हाय हे धक्क्याचे नाव आहे, असे मी समजावले. "तेच म्हणतोय मी. बाली हाय तर बालीलाच जाऊ की, पट्टायाला कशापायी?" मी पुन्हा समजावले. त्याने फोन वहिनीकडे दिला. वहिनींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, "पर भावजी, नक्की हाय काय?"

आईचा प्रश्न वेगळा होता. जाण्याच्या दिवशीच संकष्टी येत होती आणि चंद्रोदय सांगलीचा धरायचा की तिकडचा, याचा खुलासा झाल्याशिवाय ती पिशवी भरायला तयार नव्हती. येथे अप्पांना राहवले नाही. रेखांशांतला फरक सव्वीस अंशांचा, एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे तिकडे चंद्र आपल्यापेक्षा सुमारे पावणेदोन तास आधी उगवतो, असे त्यांनी केवळ शिक्षकी सवयीने सांगून टाकले. आईने हिशोब मनातल्या मनात फिरवून पाहिला. "म्हणजे सकाळी इथून उपास धरून निघालं, तर तो पावणेदोन तास लवकर सुटेल?" अप्पा गप्प झाले. सहलीच्या बाजूने घरात पडलेले हे पहिले मत होते आणि ते विरोधी पक्षनेत्याच्याच चुकीने पडले होते.

आईचा उत्साह मग आवरेना. तिथल्या स्वयंपाकात माशाचा रस्सा सगळीकडे पाझरलेला असतो, हे कळूनही ती डगमगली नाही. कारण 'जे' अशी पाटी असलेल्या दुकानात मांस-मासे तर नसतातच, पण कांदा-लसूणही चालत नाही, हे नातीने तिला वाचून दाखवले होते. "मग चातुर्मासच की!" असे म्हणून तिने थायलंडला तत्काळ सोवळ्यात घेतले. तरीही घरचे काही हवेच, म्हणून पाच किलो भडंग झाले. त्याच रात्री मुलाने सांगितले की, सुक्या खोबऱ्यात तेल फार असल्यामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून विमानाच्या सामानात त्याला मज्जाव असतो. आमच्या भडंगात खोबऱ्याचे काप असतात, लसणाबरोबर खरपूस तळलेले. दुसऱ्या दिवशी दुपारी घरातल्या तीन पिढ्या वर्तमानपत्रावर पसरलेल्या भडंगाभोवती बसून त्यातले स्फोटक पदार्थ एकेक करून वेचत होत्या आणि वेचलेला प्रत्येक काप थेट तोंडात टाकून त्याची विल्हेवाट लावत होत्या.

अप्पा मात्र अजून खिंड लढवत होते. तिथले सत्याचे मंदिर संपूर्ण लाकडी आहे, हे ऐकून ते क्षणभर विरघळले, पण 1981 मध्ये सुरू झालेले त्याचे काम अजूनही चालूच आहे, हे कळताच म्हणाले, "मग घाई काय आहे? पुरं झालं की जाऊ." 1 मे 2025 पासून थायलंडला जाणाऱ्याने पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन प्रवेशपत्र भरावे लागते, या नियमावर तर ते संतापलेच. आयत्या वेळी फॉर्म भरणारा विद्यार्थी त्यांनी उभ्या हयातीत वर्गात बसू दिला नव्हता. त्यांनी आठही जणांचे प्रवेशपत्र दोन महिने आधीच आखीव कागदावर पेन्सिलीने भरून ठेवले.

त्यासाठी पासपोर्ट लागले, म्हणून मी माळ्यावर चढलो. आमच्या घरातली कागदपत्रे कपाटात नसतात. 2019 च्या पुरानंतर ती सगळी खताच्या प्लास्टिक पोत्यात, तीन गाठी मारून, छपराच्या खाली टांगलेली असतात. घराचा उतारा, गॅसचे पुस्तक, लग्नाचे फोटो आणि सर्वांत आत अप्पांचा पासपोर्ट, कोरडा ठणठणीत, एकही शिक्का नसलेला. मुदत संपायला चार महिने उरले होते; थायलंडला जाताना सहा तरी हवेत. अप्पांच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू दिसले. "बघ, मी म्हणालो नव्हतो?" ते काहीही म्हणाले नव्हते. नूतनीकरणात तीन आठवडे आणि माझ्या दोन किरकोळ रजा गेल्या.

मग हॉटेल. बायकोने समुद्राकाठचे एक हॉटेल निवडले होते, पण अप्पांनी स्वतः फोन केल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत, असे ठरले. पलीकडून एका मुलीने गोड इंग्रजीत सांगितले की, खोलीतून पन्नास पावलांवर समुद्र आहे. अप्पांनी छातीवर हात ठेवला. आमच्याकडे आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी चाळीस फूट आणि धोका पातळी पंचेचाळीस. 2019 मध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेले होते. पन्नास पावले म्हणजे त्यांच्या लेखी पहिल्याच रात्री सामान माळ्यावर. त्यांनी ठामपणे सांगितले, तिसऱ्या मजल्याच्या खालची खोली नको आणि समुद्र जितका लांब असेल तितका बरा. अशी मागणी त्या मुलीने बहुधा पहिल्यांदाच ऐकली असावी. तिने दोनदा खात्री करून घेतली आणि मागच्या बाजूच्या, पोहण्याच्या तलावावरच्या चार खोल्या दिल्या, त्याही स्वस्तात.

"तलाव किती खोल?" अप्पांनी विचारले.

चार फूट, असे उत्तर आले. अप्पांनी ते कॅलेंडरच्या मागे, दर अंशाच्या हिशोबाखाली नोंदवून घेतले आणि फोनवर हात ठेवून आम्हाला म्हणाले, "इशारा पातळीला अजून छत्तीस फूट बाकी आहेत. भर पैसे."