‘कॉम्प्युटरवर चाललं म्हणजे चाललंच’ हे खरं नाही

ताईने तो मेसेज मला कौतुकाने पाठवला, कारण भाच्याने भंगारबाजारातून ट्रकचा जुना टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा भाग) आणलासुद्धा आहे. मेसेज म्हणतो: टर्बो, गॅस सिलिंडर आणि फुकटचं सॉफ्टवेअर, एवढ्यावर घरी जेट इंजिन तयार होतं. सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली चाचणीत, तापमान आणि आरपीएम (मिनिटाला फेरे) मर्यादेत दिसले की चाचणी लागत नाही, नासाही असंच करते. आणि छोटं इंजिन म्हणजे मोठ्याचीच छोटी प्रत.

चाचणीचं आधी बोलतो, कारण जीव तिथे जातो. टर्बोतलं ७० मिलिमीटर व्यासाचं पात्यांचं चाक १ लाख आरपीएमला फिरलं की त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ३६६ मीटर होतो, म्हणजे आवाजापेक्षा जास्त. त्यावर आणखी १० टक्के वेग चढला तर चाकावरचा ताण २१ टक्क्यांनी वाढतो. मी टर्बो दुरुस्त करतो. भंगारातला टर्बो तिथे का आला हे उघडल्यावरच कळतं: तेल न पोचून बेअरिंग खाल्लेलं, पात्याचा टवका गेलेला, कधी मुळाशी केसाएवढी चीर. हवेचा प्रवाह, दाबाचं गुणोत्तर, तापमान आणि कार्यक्षमता यांचं गणित मांडणाऱ्या सॉफ्टवेअरात त्या चिरेसाठी रकानाच नाही. चाक धडधाकट आहे असं ते धरूनच चालतं. कार्यक्षमतेचा आकडाही बहुतेकदा आपणच भरलेला असतो!

अमेरिकेचा विमान-इंजिनांचा नियम काढून वाचा: भाग ३३, कलम ३३.९४. इंजिन कमाल वेगावर असताना सगळ्यात घातक पातं तुटलं तरी नुकसान आतच राहिलं पाहिजे, आग लागता कामा नये, आणि हे इंजिन चालवून दाखवावं लागतं. कॉम्प्रेसर किंवा पंख्याचं पातं आणि टर्बाइनचं पातं अशा दोन चाचण्यांपैकी एकीऐवजी विश्लेषण देता येतं, पण ते रिगवरच्या (चाचणीसाठी उभ्या केलेल्या यंत्रणेवरच्या) किंवा सुट्या भागांच्या चाचण्यांवर, नाहीतर वापरातल्या अनुभवावर उभं असेल तरच. जिथे एवढे तज्ज्ञ आणि एवढा पैसा आहे तिथे ही अट आहे, आणि आपण पोराला अंगणात पत्र्याच्या आडोशाशिवाय उभं करायचं?

नासाचं म्हणाल तर त्यांचं एंजिनसिम हे सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी आहे, त्यावरून चाचणी लागत नाही असं ठरत नाही.

छोट्या प्रतीचं: चाक आणि आवरण यांच्यात ०.२ मिलिमीटर फट आहे असं धरा. ६० मिलिमीटर उंच पात्याला ती जाणवतही नाही. ६ मिलिमीटरच्या पात्याला ती उंचीच्या ३ टक्क्यांहून जास्त पडते आणि हवा तिथूनच निसटते. मोठ्या इंजिनाची कार्यक्षमता छोट्यात भरली की उत्तर चुकणारच.

सिम्युलेशनमुळे चाचण्या कमी लागतात, हे मात्र मान्य करावं लागतं. नोझल (गॅस बाहेर पडायचं तोंड) केवढं हवं, कोणता कॉम्प्रेसर (हवा दाबणारं चाक) कोणत्या टर्बाइनशी (गरम वायूने फिरणाऱ्या चाकाशी) जुळेल, हे धातू कापण्याआधी कळतं. भाच्याने ते जरूर शिकावं. पण त्यात वापरायचा कॉम्प्रेसर मॅपही (कोणत्या वेगाला किती हवा, किती दाब याचा आलेख) बहुधा कुणीतरी रिगवर चाक फिरवूनच काढलेला असतो.

ताई, तोवर टर्बोला गॅस जोडू देऊ नकोस. रविवारी येतो. आधी तो उघडू, चाक धुऊन डाय (चीर दाखवणारा रंग) लावू आणि चीर आहे का बघू.