कोल्ह्याची शेपटी आणि आजीची भाषा

तुर्कस्तान आणि आसपासच्या देशांत राहणाऱ्या कुर्द लोकांच्या, म्हणजे कुर्दिश भाषेतल्या, लोककथा मुलांपर्यंत पोचवण्याविषयी जेव्हा चर्चा होते, तेव्हा बहुतेक वेळा ध्वनिमुद्रण, संकलन आणि सचित्र पुस्तके यांवरच भर दिला जातो. ही कामे आवश्यक आहेतच. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की, कथा कुर्दिशमध्येच, समोर बसलेल्या मुलाला, अडखळत का होईना, सांगितली गेली पाहिजे.

कुर्दिशच्या कुर्मांजी बोलीत गोष्टीला ‘चीरोक’ म्हणतात आणि तिची सुरुवात ‘हेबू, तुने बू’, म्हणजे ‘होतं, नव्हतं’, अशा शब्दांनी होते. ‘आटपाट नगर होतं’ हे शब्द कानांवर पडताच आपण जसे सरसावून बसतो, तसेच तिथले मूल या शब्दांनी सरसावते. दीर्घ वीरगाथा आणि विरहगीते गाणारे देंगबेझ गावोगावच्या बैठकींत मानाने ऐकले जात. पण लहानग्यांच्या वाट्याला येणारी गोष्ट बहुधा घरातल्या आजीकडून, हिवाळ्याच्या लांबलचक रात्री, शेगडीच्या उबेत येत असे.

‘पीरे ऊ रोवी’, म्हणजे म्हातारी आणि कोल्हा, ही गोष्ट पाहा. कोल्हा म्हातारीचे दूध चोरून पितो आणि ती त्याची शेपटी कापून ठेवते. दूध आणून दे, मग शेपटी मिळेल, अशी तिची अट. कोल्हा शेळीकडे जातो, तर तिला पाला हवा; झाडाकडे जातो, तर त्याला पाणी हवे; झऱ्याला आणखी काही हवे असते. सांगणाऱ्यागणिक साखळीच्या कड्या बदलतात, परंतु प्रत्येक नव्या मागणीबरोबर आधीच्या साऱ्या मागण्या पुन्हा म्हटल्या जातात, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून मूल आजीच्या आधीच बोलू लागते. दूध, पान, पाणी हे शब्द त्याला वेगळे शिकवावे लागत नाहीत. (दुधाला कुर्मांजीत ‘शीर’ म्हणतात, जो आपल्या ‘क्षीर’चा सगोत्र आहे, आणि नावाला चक्क ‘नाव’च, हे कळले तेव्हा मला फार आनंद झाला.) हीच गोष्ट तुर्की भाषेत सांगितली तर कोल्ह्याला शेपटी परत मिळेल, पण ज्या शब्दांवर मुलाची जीभ वळायची, ते शब्द मात्र गोष्टीतून निघून जातील.

हे शब्द घरातून का निघून गेले, याचे कारण आजीच्या आळसात शोधणे अन्यायाचे ठरेल. तुर्कस्तानात १९८३च्या २९३२ क्रमांकाच्या कायद्याने कुर्दिशमधील प्रकाशन व प्रसारणावर बंदी आली आणि ती १९९१पर्यंत टिकली. त्यानंतरही १९९०च्या दशकात आग्नेय भागातील असंख्य गावे उठवली गेली. कुटुंबे दियारबकीर, इस्तंबूल, जर्मनी अशी विखुरली आणि मुलांना शाळेत त्रास नको म्हणून अनेक आईबापांनी घरातही तुर्कीच बोलणे पत्करले. २०१२पासून शाळेत कुर्दिश हा ऐच्छिक विषय मिळाला खरा, परंतु आठवड्याच्या दोन तासिकांत नातवाची भाषा आजीच्या भाषेपर्यंत पोचेल, असे मला वाटत नाही.

आर्मेनियाची राजधानी येरेवान इथल्या रेडिओवर १९५५पासून सुरू झालेल्या कुर्दिश प्रसारणाने सीमेपलीकडच्या, तुर्कस्तानातल्या घरांत ही भाषा जागती ठेवली. सोव्हिएत आर्मेनियातल्या ओर्दिखाने जेलील आणि जेलीले जेलील या भावांनी लोकसाहित्याचे प्रचंड संकलन केले. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण संग्रहातली गोष्ट मुलाला ‘मग पुढे?’ असे विचारू देत नाही. म्हणून आजीचे ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना माझी विनंती आहे की, तिच्यासमोर केवळ यंत्र ठेवू नका, नातवालाही बसवा, आणि त्याचे मध्येच बोलणे, चुकीचे शब्द, हट्टाने पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावणे, यातले काहीही कापू नका. गोष्ट संपताना कुर्मांजीत ऐकणाऱ्यांच्या आईबापांवर देवाची कृपा मागण्याची रीत आहे. तो आशीर्वाद घ्यायला कोणी ऐकणारा तिथे असू द्या.