साहेबांचा माणूस

सकाळी सकाळी शाळेच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "आपल्याकडेही प्रत्येक ऑफिसात रशियासारखा एकेक कोमिसार बसवा, बघा सगळे कसे सुतासारखे सरळ होतात." वर अंगठ्यांचा नुसता पाऊस. डोकंच फिरलं.

अरे, कोमिसार म्हणजे काय हे तरी माहीत आहे का? 1918 मध्ये, रशियन क्रांतीनंतर, बोल्शेविक नेता ट्रॉट्स्कीने लाल सेना उभी करताना झारचेच जुने अधिकारी कामाला घेतले. ते उलटतील म्हणून प्रत्येकाच्या उरावर पक्षाचा एक माणूस बसवला. त्याची सही नसेल तर हुकूम चालायचा नाही. बरं, काही अधिकारी खरंच फितूर झाले, तेवढं मान्य. पण यादवी संपली तरी हे प्रकरण संपेना. अधिकार कमी केले, 1937 मध्ये परत दिले, 1940 मध्ये काढले, 1941 मध्ये जर्मन घुसल्यावर पुन्हा दिले, 1942 च्या ऑक्टोबरात पुन्हा काढले. चीनच्या सैन्यात तर सेनापती आणि कोमिसार आजही बरोबरीने बसतात.

मी साखर कारखान्यात शिफ्टला होतो तेव्हा केबिनमध्ये चेअरमनचा एक माणूस बसायचा. हुद्दा काही नाही, पण त्याच्याशी वाकडं घ्यायची कुणाची टाप नव्हती. एका रात्री मिलचं बेअरिंग तापायला लागलं. हात ठेववत नव्हता. मी म्हटलं, मिल थांबवतो. हा म्हणे, "गाळप थांबवायचं नाही. साहेबांना काय सांगू मी?"

केर्चला हेच झालं. 1942, क्रिमिया. मेख्लिस हा स्टॅलिनचा खास, सैन्याच्या राजकीय खात्याचा मुख्य. तो तिथल्या सैन्याचा सेनापती जनरल कोझलोव याच्या डोक्यावर बसलेला. बचावाची तयारी कसली करताय, पुढे चला! 8 मे ला जर्मन सेनापती मानस्टाइन तुटून पडला आणि दोन आठवड्यांच्या आत दीड लाखाहून जास्त माणसं गेली, मेली नाहीतर कैदेत. हल्ला होताच मेख्लिसने काय करावं? स्टॅलिनला तार: चूक कोझलोवची. स्टॅलिनसुद्धा वैतागला, तुम्ही तिथे तिऱ्हाईत म्हणून उभे नव्हता, असं त्याने सुनावलं.

आमचं बेअरिंग पहाटे जळालं. चौकशीत लॉगबुकावर सही कुणाची? माझी. तो शेजारी चहा पीत बसला होता, आणि मान हलवत होता वर!

सगळेच तसे नव्हते, हेही खरं. पकडलेला कोमिसार दिसला की गोळी घाला असा हिटलरचा हुकूमच होता, तरी कितीतरी जण सैनिकांच्या पुढे राहून लढले. आणि साब्लिन! त्याचं आठवलं की राग जरा उतरतो. 1975 चा नोव्हेंबर, रीगा. सोव्हिएत 'स्तोरोझेवॉय' युद्धनौकेवरचा हा राजकीय अधिकारी, म्हणजे कोमिसारच्याच जागी आलेला. त्याने कप्तानाला खाली कोंडलं आणि नौका घेऊन निघाला. लेनिनग्राडला जाऊन देशाला सांगायचं होतं की तेव्हाचा सर्वोच्च नेता ब्रेझनेव याच्या मंडळींनी क्रांती विकून खाल्ली. जे शिकवायला नेमला होता, ते त्याला स्वतःला खरं वाटत होतं बिचाऱ्याला. वरून विमानांनी बाँब टाकून नौका अडवली आणि 1976 च्या ऑगस्टमध्ये त्याला गोळी घातली. मेख्लिसची राख मात्र क्रेमलिनच्या भिंतीत, सन्मानाने.

आणा कोमिसार, खुशाल आणा. फक्त रात्रपाळीच्या लॉगबुकावर पहिली सही त्याची घ्या. मग बघतो कोण येतं बसायला.