तेवढा फॉर्म भरून पाठवा

आमच्याकडे सहल ठरवताना पहिलं भांडण तारखांवरून होतं, दुसरं पैशांवरून आणि तिसरं खिडकीच्या सीटवरून. या वेळी तिन्ही मागे पडली, कारण चिरंजीवांनी जेवताजेवता जाहीर केलं, "डिसेंबरात अंदमान. आणि सगळ्यांनी स्कूबा करायचं."

"करूया की!" साडूभाऊ म्हणाले. साडूभाऊ पूर्वी एकदा मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखाली जाऊन आलेत. त्याचा व्हिडिओ आम्ही प्रत्येक दिवाळीला बघतो. त्यात एक मुलगा त्यांना मागून धरून मांजराच्या पिल्लासारखं फिरवतोय आणि साडूभाऊंचे डोळे काचेबाहेर यायला बघतायत. पण घरात दुसरं कुणीच समुद्राखाली गेलेलं नसल्यामुळे ते तज्ज्ञ.

जायचं कुठे, इथपासूनच गोंधळ. चिरंजीव म्हणत होते हॅवलॉक, बोटीच्या तिकिटावर स्वराज द्वीप. विमान पोर्ट ब्लेअरचं शोधलं तर समोर श्री विजय पुरम. बायकोने दोन वेगळी बेटं समजून दोन वेगळी हॉटेलं बघून ठेवली होती. बेटाचं नाव २०१८ साली बदललं, शहराचं २०२४ साली, आणि हे कळेपर्यंत आमचे तीन दिवस गेले.

मग वेळापत्रक. आईचं म्हणणं, अंदमानात उतरल्यावर आधी सेल्युलर जेल. सावरकरांच्या कोठडीपुढे डोकं टेकवायचं आणि मग काय ते मासे बघा. तिचं चूक नव्हतं. पण डाइव्ह केली की लगेच विमानात बसता येत नाही. पाण्याखाली दाबामुळे नायट्रोजन रक्तात विरघळतो, आणि घाईने उंचावर गेलं तर झाकण उघडलेल्या सोड्याच्या बाटलीसारखे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एक डाइव्ह केली तर किमान १२ तास थांबायचं, जास्त केल्या तर १८. म्हणजे मासे आधी, जेल शेवटी. "सोड्याच्या बाटलीसाठी सावरकरांना थांबवायचं!" आई म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्यातच साडूभाऊंना शोकेससाठी प्रवाळाचा एक छोटासा तुकडा आणायचा होता. प्रवाळ म्हणजे दगड नाही, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला वाघाच्याच अनुसूचीत बसवलंय, हे चिरंजीवांनी त्यांना सांगितलं. मी म्हटलं, "अहो, आईला तुरुंग बघायचाय, मुक्काम करायचा नाहीये."

इथपर्यंत सगळं आमच्या आवाक्यातलं होतं. मग डाइव्हवाल्यांचा निरोप आला: तेवढा फॉर्म भरून पाठवा.

मी आयुष्यात पुष्कळ फॉर्म भरलेत. गृहकर्जाचा भरलाय, शाळाप्रवेशाचा भरलाय. पण घर फोडणारा फॉर्म हा पहिलाच. वरवर बघता साधी प्रश्नावली: 'हो' किंवा 'नाही'. वय ४५च्या वर आहे का? हो. मग तुम्ही या चौकटीत या. धूम्रपान करता का?

पेन थांबलं. बायको शेजारीच बसली होती.

"नाही लिही की," ती म्हणाली.

खोटं लिहावं, तर खाली सही करायची होती. आणि बारा मीटर खोल पाण्यात आपलं फुप्फुस आपल्याला खोटं पाडणार. मी 'हो'वर खूण केली. ऑफिसमागच्या टपरीचा अकरा वर्षांचा इतिहास त्या एका खुणेत बाहेर आला.

ती काही बोलली नाही. तिने पेन घेतलं, स्वतःच्या फॉर्मवर रक्तदाबापुढे 'हो' केलं आणि म्हणाली, "मार्चपासून गोळी चालू आहे. तुला काळजी नको म्हणून सांगितलं नाही." आता कुणी कुणावर रागवायचं, हा मुद्दा उभा राहिला. तो अजून निकाली निघालेला नाही.

साडूभाऊ अडकले ते पुढच्या प्रश्नावर. १.६ किलोमीटर १४ मिनिटांत चालताना, किंवा न थांबता २०० मीटर पोहताना, दमछाक होते का? "छे, सहज!" म्हणाले. मेहुणीने त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चाचणी ठरली. गल्लीच्या तोंडापासून गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन परत. चिरंजीव मोबाईलवर वेळ लावून उभे. मी सोळा मिनिटांत पोचलो आणि कठड्यावर बसलो. साडूभाऊ चौदाव्या मिनिटाला पोह्यांच्या गाडीपाशी होते. दमलो नव्हतो, म्हणाले, ओळखीचा माणूस भेटला. ओळखीच्या माणसाने त्यांना तर्रीसुद्धा वाढली होती.

आई रोजच्यासारखी पूजेच्या फुलांना निघाली होती, ती आमच्याबरोबर निघून साडेतेरा मिनिटांत परत आली. पिशवीत दोन कुंपणांवरची जास्वंद. दुसऱ्याची फुलं तोडणाऱ्याला वेगानेच चालावं लागतं.

फॉर्ममध्ये एक जरी अडचणीचा 'हो' आला, तरी डॉक्टरांची सही लागते. आमच्या डॉक्टरांनी तिघांचे फॉर्म वाचले, चष्मा काढला आणि विचारलं, "मासे मंडईत मिळत नाहीत का?"

तरी माझी तयारी थांबली नव्हती. नाक दाबून कानांत हवा फुंकायची, म्हणजे दाब सारखा होतो; मी हे ऑफिसच्या मीटिंगमध्ये करायचो. साहेबांना वाटलं त्यांच्या बोलण्याला वास येतोय. खुणा पाठ केल्या: अंगठा आणि तर्जनीचं गोल म्हणजे सगळं ठीक. पंजा आडवा धरून हलवला की काहीतरी गडबड आहे. आणि अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, 'वर चला'. बायकोने भरल्या वांग्याचं विचारलं आणि मी सवयीने पंजा हलवला. त्या रात्री मी दही-भातावर झोपलो.

उरली आई. वय ७२. धूम्रपान नाही, रक्तदाब नाही, साखर नाही, कोलेस्टेरॉल माझ्यापेक्षा कमी. पोहायला ती कोकणातल्या विहिरीत शिकली, पाठीला वाळका भोपळा बांधून. चिरंजीव तिला समजावत होते, "आजी, श्वास कधीच रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते."

"आणि आमचे अण्णा काठावरून ओरडायचे, श्वास धर, श्वास धर!" आई म्हणाली. मग फॉर्म पुन्हा एकदा नाकाशी धरून वाचला. "सगळं 'नाही'च आहे की रे. फक्त त्यांना एवढं विचार, ती नळी तोंडात धरायची तर कवळी ठेवायची की काढायची?"

चिरंजीवांनी तिथल्या तिथे प्रश्न पाठवला. आम्ही पाचही जण मोबाईलवर वाकलो. दोन निळ्या खुणा आल्या आणि पाठोपाठ उत्तर: नुसता वर केलेला अंगठा.

"म्हणजे चालेल," मी म्हणालो.

"म्हणजे वर चला," साडूभाऊ म्हणाले.

आईने कवळी काढून वाटीत ठेवली आणि म्हणाली ते कुणालाच कळलं नाही.